आधीचा आजार असलेल्या कामगाराची दुखापत कामामुळे झाली की नाही, हे कसे ठरते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे थोरले भाऊ ४७ वर्षांचे आहेत आणि एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. पाच वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी त्यांनी काही काळ औषधे घेतली होती, पण त्यानंतर ते नेमाने कामावर जात होते. तीन महिन्यांपूर्वी मांडणीवरचा जड खोका खाली घेताना त्यांच्या कंबरेत एकदम कळ आली, दुसऱ्या दिवशी ती उजव्या पायात उतरली आणि अंगठ्यापर्यंत बधिरपणा जाणवू लागला. एमआरआयच्या अहवालात मणक्यांची झीज, तसेच कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याची नोंद आहे. त्या झिजेवर बोट ठेवून विमा कंपनी म्हणते की हा जुना आजार आहे, त्याचा कामाशी संबंध नाही. असा निर्णय नेमका कशाच्या आधारे होतो आणि जुना आजार असला म्हणजे भरपाईचा हक्क संपतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रातला डॉक्टर आहे. भरपाईच्या दाव्यांमध्ये कामगाराला तपासून वैद्यकीय मत देणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि असे मत मी कामगारांच्या विनंतीवरून जसे देतो तसेच मालकांच्या आणि विमा कंपन्यांच्या सांगण्यावरूनही देतो. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही आणि त्यांचे कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांचा दावा टिकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. मात्र अशा प्रकरणात विचार कोणत्या क्रमाने करायचा आणि कोणता पुरावा कशासाठी लागतो, हे सविस्तर सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आजार आधीपासून होता का, या विमा कंपनीच्या प्रश्नाचे उत्तर 'होता' असेच आहे. ते लपवण्यात काहीच हित नाही, कारण जुने केस पेपर कधी ना कधी समोर येतातच आणि लपवलेली गोष्ट उघडी पडली की कामगाराच्या बाकीच्या खऱ्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो. पण निर्णय या प्रश्नावर होत नाही, निदान होऊ नये. खरा प्रश्न असा आहे की त्या दिवशी सकाळी कामावर जाताना हा माणूस ज्या अवस्थेत होता आणि त्या घटनेनंतर ज्या अवस्थेत आला, त्या दोन अवस्थांत काही खरा फरक आहे का. आणि असेल तर तो फरक कामाने घडवला, की तो आजार स्वतःच्या गतीने त्याच सुमारास तिथे पोहोचणारच होता? या प्रश्नाचे दोन्ही भाग वेगवेगळे तपासावे लागतात. माझ्या अनुभवात बहुतेक वाद पहिला भाग नीट न तपासता थेट दुसऱ्यावर उडी घेतल्यामुळे चिघळतात.

कायद्याने हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाताळलेला आहे. १९१० साली इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, क्लोव्हर, क्लेटन अँड कंपनीचा खटला आला होता. एक कामगार पान्याने नट आवळत होता, म्हणजे त्याचे रोजचेच साधे काम करत होता, आणि ते करताना तो कोसळून मरण पावला. त्याच्या महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, मोठा फुगा आलेला होता आणि रोग इतका पुढे गेला होता की थोड्याशा श्रमानेही ती फुटू शकली असती. तरीही भरपाई मंजूर झाली. न्यायाधीशांनी लावलेली कसोटी अशी होती की मृत्यू केवळ रोगाने आला, म्हणजे माणूस काहीही करत असता तरी तो बहुधा आलाच असता, की रोग आणि काम या दोहोंनी मिळून तो आणला, हे ढोबळमानाने पाहायचे. भरपाई मागणारा माणूस आधी धडधाकट असला पाहिजे अशी अट कायद्याने घातलेली नाही. जो माणूस जसा आहे तसाच मालकाने कामावर घेतलेला असतो.

आपल्याकडे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातही हाच विचार उतरला आहे. नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताने दुखापत झाली पाहिजे, अशी त्यातील कलम ३ ची भाषा आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम ठेवण्यात आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात, जे १९५४ च्या निकालसंग्रहात आहे, हृदयविकार आधीपासून असलेल्या माणसाबद्दल असे म्हटले की कामाने मृत्यूला हातभार लावला असेल किंवा तो लवकर ओढवून आणला असेल, तर मालक जबाबदार ठरतो. पण केवळ रोगाच्या नैसर्गिक वाटचालीनेच मृत्यू आला असेल, तर नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की ही रेषा कुठे पडते ते अधिक स्पष्ट होते. २००७ च्या निकालात ट्रकवरचा क्लीनर हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला होता. कामाचा ताण काय होता आणि त्याचा मृत्यूशी संबंध कसा, याचा पुरावाच नव्हता, म्हणून दावा फेटाळला गेला. २०१२ मध्ये दिल्लीहून झारखंडकडे लांब पल्ल्याचा माल घेऊन निघालेल्या चालकाला वाटेत अस्वस्थ वाटू लागले, त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला आणि थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. तिथे न्यायालयाने सततच्या लांब प्रवासाचा ताण ध्यानात घेऊन भरपाई दिली. दोन्ही मृत्यू हृदयविकाराने आणि दोन्ही कामावर असतानाच झाले. फरक पडला तो काम आणि मृत्यू यांना जोडणारा दुवा एका ठिकाणी नोंदीवर आला आणि दुसऱ्या ठिकाणी आला नाही, यामुळे. २००७ च्या निकालानेच हेही सांगितले आहे की हा दुवा दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, पण तो शंभर टक्के सिद्ध करावा लागत नाही. सुज्ञ माणसाला पटेल इतकी अधिक शक्यता दाखवली तरी पुरते.

म्हणून मी तपासणीला बसतो तेव्हा सर्वांत जास्त वेळ घटनेच्या आधीच्या काळावर घालवतो. तुमच्या भावाच्या बाबतीत मला पाच वर्षांपूर्वीचे केस पेपर पाहायचे असतील, पण त्यात 'कंबरदुखी' लिहिले आहे का एवढ्यापुरते नाही. दुखणे कंबरेपुरते होते की पायात उतरत होते, पायाची ताकद आणि संवेदना तपासल्याची नोंद आहे का, औषधे किती आठवडे चालली, त्यानंतर पुन्हा कधी डॉक्टरकडे जावे लागले का, हे मला पाहायचे असते. त्यापुढची पाच वर्षे कशी गेली हे हजेरीपटावरून, ओव्हरटाइमच्या नोंदीवरून आणि रजेच्या अर्जांवरून कळते. जो माणूस घटनेच्या आदल्या आठवड्यापर्यंत पूर्ण पाळी भरून तेच वजन उचलत होता आणि कंबरेसाठी ज्याने एकही रजा घेतलेली नाही, त्याचा मणका आतून झिजलेला असेलही, पण त्याची कार्यक्षमता शाबूत होती. हा पुरावा फार बोलका असतो आणि गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा मालकाच्याच कपाटात असतो. उलट, गेल्या दोन-तीन महिन्यांत भावाने कंबरेसाठी पुन्हा गोळ्या सुरू केल्या असतील, हलके काम मागितले असेल किंवा पायात मुंग्या येत असल्याचे कुणाला सांगितले असेल, तर तेही माझ्यासमोर आले पाहिजे, कारण तेव्हा आजार घटनेच्या आधीच उतरणीला लागला होता का, हा प्रश्न उभा राहतो. त्याने दावा संपत नाही. पण मत देताना त्याचा हिशेब करावाच लागतो.

त्यानंतर प्रत्यक्ष घटना. खोका किती वजनाचा होता, किती उंचीवरून उतरवला, उतरवताना कंबर वळलेली होती का, पाय घसरला का, सोबत कोणी होते का, कळ त्याच क्षणी आली की संध्याकाळी घरी गेल्यावर? पुढे वाकून आणि वळून वजन पेलताना कंबरेच्या खालच्या गाद्यांवर येणारा दाब कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे तुम्ही सांगितलेल्या हालचालीने गादी सरकणे वैद्यकीयदृष्ट्या सुसंगत आहे. पण केवळ घटना आधी आणि त्रास नंतर, एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही. कारण परिणामाच्या आधी असलेच पाहिजे ही किमान अट आहे. ती पुरेशी अट नाही. म्हणूनच मी कालक्रमासोबत तीन गोष्टी पडताळतो: त्या हालचालीत तेवढी ताकद होती का, ती ताकद ज्या अवयवावर पडली तोच अवयव बिघडला का, आणि त्रास अशा दुखापतीत अपेक्षित असतो तेवढ्या कालावधीत सुरू झाला का. गादी सरकल्यावर आधी कंबरेत कळ आणि मग काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पायात उतरणारी वेदना, हा क्रम नेहमीचा आहे. तोच पायातला त्रास घटनेनंतर दोन महिन्यांनी प्रथमच नोंदवला गेला असता, तर माझे मत बरेच सावध झाले असते.

या ठिकाणी पहिल्या वैद्यकीय नोंदीचे महत्त्व सांगितलेच पाहिजे. कामगार वेदनेने कळवळत दवाखान्यात जातो, डॉक्टर घाईत 'दोन दिवसांपासून कंबरदुखी' असे लिहितात आणि खोका उतरवताना काय झाले ते कागदावर येतच नाही. सहा महिन्यांनी उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच विचारला जातो. तुमच्या भावाच्या पहिल्या केस पेपरवर घटनेचा उल्लेख नसेल, तर घाबरून जाऊ नका, आणि तो मागाहून त्यात घालून घेण्याचा विचारही करू नका. अपघात नोंदवही, मुकादमाला केलेला फोन, शेजारी काम करणाऱ्यांचे सांगणे, त्या दिवशी लवकर घरी गेल्याची हजेरीवरची नोंद, अशा स्वतंत्र गोष्टींनी ती पोकळी भरता येते.

आता एमआरआयकडे वळू, कारण तुमच्या प्रकरणात सगळे भांडण त्यावरूनच दिसते. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के, चाळिशीतल्या ६८ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत दिसली. म्हणजे तुमच्या भावाच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचा एमआरआय काढला तरी बहुसंख्यांच्या अहवालात झीज लिहून येईल. एवढ्या मोठ्या प्रमाणात निरोगी लोकांत आढळणारी गोष्ट भावाचा पाय अमुक दिवसापासून बधिर का झाला, हे एकटी कशी सांगू शकेल? विमा कंपनीचा युक्तिवाद इथे तोकडा पडतो. पण हाच आकडा कामगाराच्या बाजूलाही सावध करतो. त्याच आढाव्यात गादीचा फुगवटा चाळिशीतल्या निम्म्या आणि पन्नाशीतल्या ६० टक्के निरोगी लोकांत होता. त्यामुळे अहवालात गादी बाहेर आलेली दिसते म्हणून ती खोक्यामुळेच आली, असे म्हणणेही तेवढेच कच्चे आहे. गादी नेमकी कोणत्या दिवशी सरकली हे एमआरआय सांगत नाही. हाडांना आलेले काटे आणि पाणी आटून काळवंडलेली गादी जुनेपणा दाखवतात. मणक्याचा ताजा अस्थिभंग असेल तर हाडाच्या आतली सूज तो अलीकडचा असल्याचे सुचवते. पण गादीच्या बाबतीत अशी खात्रीची तारीख मिळत नाही. आधीचा एखादा एमआरआय असेल आणि त्यात ती गादी जागेवर दिसत असेल, तर मात्र तो सोन्याच्या मोलाचा पुरावा आहे. जुना एमआरआय काढलेला होता का, हे भावाला नक्की विचारा.

चित्र उत्तर देत नाही तेव्हा शरीर तपासावे लागते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की बहुधा पाचव्या मणक्याच्या पातळीवरची नस दाबली जाते. त्या नसेचा प्रदेश ठरलेला आहे: नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू आणि अंगठा. मी कामगाराला टाच जमिनीवर टेकवून अंगठा वर उचलायला सांगतो आणि माझ्या बोटाने तो खाली दाबतो. ती नस दाबली गेलेली असेल तर त्या बाजूचा अंगठा दुसऱ्या बाजूच्या मानाने सहज खाली जातो. मग पाय सरळ ठेवून वर उचलतो आणि वेदना कोणत्या कोनात, कुठपर्यंत जाते ते पाहतो, आणि त्याचे लक्ष दुसरीकडे असताना, बसलेल्या स्थितीत, तीच तपासणी पुन्हा करतो. उजव्या बाजूची सरकलेली गादी, उजव्याच पायातला त्याच नसेच्या प्रदेशातला बधिरपणा आणि उजव्याच अंगठ्यातली कमजोरी, या तिन्ही गोष्टी जुळल्या आणि पाच वर्षांपूर्वीच्या कागदांत यांपैकी एकही नसेल, तर आधीच्या अवस्थेत नसलेली नवी गोष्ट घडली आहे, असे मी ठामपणे लिहू शकतो. याउलट अहवालात गादी डावीकडे आणि तक्रार उजवीकडे असेल, तर कितीही सहानुभूती वाटली तरी मला तो दुवा जोडता येत नाही.

एवढे झाल्यावरही आणखी एक भेद करावा लागतो आणि दाव्याची रक्कम पुष्कळदा त्यावरच ठरते. कामावरच्या ताणाने जुने दुखणे उफाळून येते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माणूस पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येतो, हा एक प्रकार. दुसऱ्यात मूळ आजारच कायमचा पुढच्या पायरीवर जातो आणि माणूस पूर्वीच्या जागी परतत नाही. पहिल्या प्रकारात काम हे कारण असतेच, पण ते त्या उफाळलेल्या काळापुरते, आणि तेवढ्या काळाच्या तात्पुरत्या असमर्थतेची भरपाई मिळते. दुसऱ्या प्रकारात कायमच्या अपंगत्वाचा प्रश्न येतो. हा भेद घाईने करता येत नाही. तीन महिन्यांवर, उपचार चालू असताना, कायमचे किती नुकसान झाले हे सांगणारा डॉक्टर अंदाज करत असतो; सरकलेल्या गादीचा पायातला त्रास बऱ्याच रुग्णांत शस्त्रक्रियेविनाही पुढच्या काही महिन्यांत उतरतो. तब्येत स्थिरावेपर्यंत मी कायमच्या टक्केवारीवर सही करत नाही.

मी कामगाराच्या विरोधात मत कधी देतो, हेही सांगायला हवे, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. समजा, एक कामगार शिडीवरून घसरला, खांदा दुखू लागला आणि दोन आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये खांद्याचा स्नायूबंध तुटलेला दिसला. पण त्याच चित्रात तो तुटलेला बंध बराच मागे आकसला आहे आणि त्याला जोडलेल्या स्नायूत चरबी भरली आहे. स्नायूत चरबी भरायला महिने लागतात. दोन आठवड्यांत ते होत नाही. तेव्हा तो बंध घसरण्याच्या आधीच तुटलेला होता, असेच मला लिहावे लागते. तरीही काम तिथे संपत नाही. आदल्या दिवसापर्यंत हा माणूस डोक्यावर हात नेऊन काम करत होता आणि घसरल्यापासून त्याला हात खांद्याच्या वर नेता येत नाही, असे साक्षीपुराव्याने दिसत असेल, तर जुन्या चिरेचा विस्तार त्या घसरण्याने झाला असण्याची शक्यता तपासावी लागते. पुन्हा प्रश्न तोच: आधी काय करता येत होते आणि आता काय येत नाही.

हळूहळू होणाऱ्या दुखापतींत विचाराची दिशा हीच असली तरी पुरावा वेगळा असतो, म्हणून त्यावर थोडक्यात. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा साधारणतः दोन्ही कानांत सारखा असतो आणि सुरुवातीला ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवतो. वयोमानाने येणारा बहिरेपणा वरच्या स्वरांकडे उतरत जातो. नोकरीला लागतानाची श्रवणचाचणी जपून ठेवलेली असेल तर दोन्हींचा वाटा बराचसा वेगळा काढता येतो. गोंगाटाचा बहिरेपणा १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, असल्यामुळे, नेमून दिलेल्या कामात सलग सहा महिन्यांहून कमी नाही इतका काळ काढलेल्या कामगाराच्या बाजूने कायदाच गृहीतक धरतो, आणि ते खोडून काढण्याचे काम मालकाकडे जाते. तुमच्या भावाच्या प्रकरणाला हे लागू नाही.

मग जुन्या आजाराचा वाटा भरपाईतून वजा होतो का? हे तुम्ही कुठल्या कायद्याखाली आहात त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००४ पासून कायमच्या अपंगत्वाचा किती टक्के भाग कामामुळे आणि किती इतर कारणांमुळे, हे डॉक्टरला अहवालात वेगळे मांडावेच लागते. आपल्या १९२३ च्या कायद्यात अशी वजाबाकी सांगणारी तरतूद नाही. पण त्यातली अपंगत्वाची व्याख्या नीट वाचा. अंशतः अपंगत्व कायमचे असेल तर, अपघाताच्या वेळी कर्मचारी जी जी कामे करू शकत होता त्या प्रत्येक कामातली त्याची कमाईची क्षमता किती घटली, हे पाहायचे आहे. म्हणजे तुलना आदर्श निरोगी माणसाशी नाही. तुलना त्याच माणसाच्या अपघाताच्या वेळच्या क्षमतेशी आहे. तुमचे भाऊ झीज असूनही पूर्ण वजन उचलत असतील, तर त्यांची सुरुवातीची पातळी पूर्ण कामाची. ते आधीच हलक्या कामावर असते, तर त्या हलक्या कामापासून पुढचे नुकसान मोजले गेले असते. जुना आजार अशा रीतीने हिशेबात आपोआप येतो, आणि म्हणून तो दुसऱ्यांदा टक्केवारीतून कापणे मला योग्य वाटत नाही. गादीची दुखापत पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ठरावीक दुखापतींची टक्केवारी देणाऱ्या यादीत, नेमून दिलेली नाही. त्यामुळे कमाईच्या क्षमतेतली घट पात्र डॉक्टरने आपल्या तपासणीवरून ठरवायची असते, आणि शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी तशीच उचलून तिथे लिहिणे चूक आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही आणि ज्याचे सारे आयुष्य ओझी उचलण्यात गेले, त्याची कंबर वीस टक्के निकामी झाली तरी कमाई त्याहून कितीतरी जास्त बुडू शकते.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून 'कामाचा संबंध नाकारता येत नाही' असे वाक्य घेऊन येऊ नका. त्याचा उपयोग शून्य आहे, कारण नाकारता काहीच येत नाही. त्यांना हजेरीच्या नोंदी, जुने केस पेपर आणि घटनेची हकिकत लेखी द्या, आणि त्यांच्या मतात चार गोष्टी क्रमाने याव्यात अशी विनंती करा: घटनेपूर्वीची अवस्था व तिचा आधार, घटनेचे स्वरूप, नंतर तपासणीत आढळलेली नवी चिन्हे, आणि ही चिन्हे झिजेच्या नैसर्गिक वाटचालीपेक्षा त्या घटनेने उद्भवली असण्याची शक्यता अधिक आहे का, का अधिक आहे. मत तुमच्या बाजूचे नसेल तर कारण विचारा. कारणासह दिलेले प्रतिकूल मत हे कारणाविना दिलेल्या अनुकूल मतापेक्षा तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण कोणता पुरावा कमी आहे ते त्यातून कळते. भावाचा कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) अंतर्भाव आहे का, हेही लगेच तपासा. असेल तर दावा त्या महामंडळाकडे जातो, मालकाविरुद्ध भरपाई आयुक्तांपुढे नाही, आणि त्या कायद्यात नोकरीच्या ओघात झालेला अपघात हा, विरुद्ध पुरावा नसेल तर, नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरलेले आहे.

मुदतीकडे दुर्लक्ष करू नका. १९२३ च्या कायद्याखाली मालकाला अपघाताची लेखी नोटीस शक्य तितक्या लवकर द्यायची असते आणि दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो; घटनेच्या तारखेला तुमच्या भावाला जुना कायदा लागू होता की नवी संहिता, हे वकिलांकडून पहिल्याच भेटीत पक्के करून घ्या. नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत मालकाने विनामूल्य वैद्यकीय तपासणीची तयारी दाखवली तर तिला जाणे भाग आहे. सबळ कारण नसताना ती नाकारली तर भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित राहतो. उपचारही अर्धवट सोडू नका. सांगितलेले उपचार विनाकारण टाळल्यामुळे दुखापत वाढल्याचे सिद्ध झाले, तर नियमित उपचार घेतले असते तर जेवढे अपंगत्व राहिले असते तेवढेच धरून भरपाई दिली जाते, असे कलम ११ सांगते. म्हणून फिजिओथेरपीच्या प्रत्येक भेटीची नोंद, औषधांच्या पावत्या आणि भाऊ एखाद्या भेटीला जाऊ शकले नसतील तर त्याचे कारण, हे सगळे तारीखवार एका फायलीत लावून ठेवा.